शिक्का हाताला लागला पाहिजे

बाबांनी माझ्या परीक्षेची तयारी माझ्याहून जास्त केली होती. अभ्यास तेवढा मी केला, बाकीचं सगळं त्यांनी. परीक्षा रविवारी होती. शनिवारी सकाळी मी कपाटातून त्यांनी ठेवलेलं पाकीट बाहेर काढलं, तेव्हा बाबांना जाऊन एकाहत्तर दिवस झाले होते. पाकिटावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख, वार आणि खाली 'पेन दोन, निळं' असं लिहिलं होतं. आत पेनं होती. दोन, निळी. टोपणं घट्ट लावलेली.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. या कामाला परवाना लागतो आणि तो बाबांच्या नावावर होता. परवाना असलेला माणूस गेला तर घरच्यांना दुकान चालवायची नव्वद दिवसांची मुभा मिळते. तेवढ्यात घरातल्या कुणीतरी परीक्षा द्यायची आणि स्वतःच्या नावावर परवाना घ्यायचा, नाहीतर शटर ओढायचं. परीक्षा सहा महिन्यांतून एकदा होते. म्हणजे आमच्यासाठी ही एकच होती. निकाल आठवड्याभरात लागतो. मी पास झाले असते तर सगळं नव्वदच्या आत बसत होतं.

फॉर्म भरला तेव्हा बाबा आजारी होते, पण नव्वद दिवसांची गोष्ट घरात कुणी काढत नव्हतं. "मला आता दुकानात फार वेळ उभं राहवत नाही, कागदावर तरी तू उभी राहा," एवढंच ते म्हणाले होते.

दुकानात एक लॅमिनेशनचं मशीन आहे. जवळचं वाचून घ्यायचे तक्ते गिऱ्हाइकांच्या हाताने मळतात, म्हणून बाबांनी ते घेतलं. तक्ते दोन दिवसांत झाले. मशीन उरलं. मग त्यांनी घरावर नजर फिरवली. बसचं वेळापत्रक, प्लंबरचा नंबर, आईच्या गोळ्यांची यादी, गिझर लावायची रीत, माझं पाचवीतलं हस्ताक्षर स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक (उत्तेजनार्थ). जे सपाट आणि पातळ होतं ते सगळं त्या मशीनमधून गरम होऊन, चकचकीत होऊन बाहेर आलं. आई म्हणायची, "मशीन तापलेलं आहे गं, फार वेळ त्यांच्यासमोर उभी राहू नकोस."

पाकिटात प्रवेशपत्र होतं, माझं ओळखपत्र होतं आणि परीक्षेच्या दिवसाचं बाबांनी केलेलं वेळापत्रक होतं. तिन्ही लॅमिनेट केलेली, कोपरे कात्रीने गोल कापलेले, हाताला टोचू नयेत म्हणून. चौथी वस्तू म्हणजे सूचनापत्रक. ते आठ पानी होतं, मशीनमध्ये जात नव्हतं, म्हणून जसं आलं तसंच होतं, चार घड्या घातलेलं. मी चहा पीत पीत ते उलगडलं. तिसऱ्या पानावर सातवं कलम होतं. ओळखपत्र मूळ स्वरूपात असावे. प्लास्टिकचे आवरण चढवलेले, फाटलेले अथवा खाडाखोड केलेले ओळखपत्र ग्राह्य धरले जाणार नाही. प्रवेशपत्रावर परीक्षार्थीने केंद्रावर, अधिकाऱ्यांसमोर सही करावी.

मी ते दोनदा वाचलं. मग ओळखपत्र हातात घेतलं. ते जाड कागदाचं कार्ड असतं. फोटोच्या कोपऱ्यावर बिनशाईचा शिक्का असतो, नुसता उठाव. माझ्या कार्डावर तो दिसत होता, पण अंगठा फिरवला तर सगळीकडे सारखंच गुळगुळीत लागत होतं.

आता जे सांगायचं ते इथेच सांगून टाकते. मी वाचणारी बाई आहे. जेवताना वाचते, बसमध्ये वाचते, जाडजूड कादंबऱ्या शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट वाचते. चार महिन्यांपूर्वी हे टपाल आलं तेव्हा बाबांनी सूचनापत्रक माझ्याकडे दिलं. औषधांमुळे त्यांना बारीक अक्षर पुसट दिसायला लागलं होतं. उभा जन्म लोकांना बारीक अक्षर दाखवण्यात गेला आणि स्वतःला दिसेना, यावर ते स्वतःच हसायचे. "नीट वाच," म्हणाले, "आणि कागदांना काही करू नका असं कुठे लिहिलंय का ते बघ." तेव्हा मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. माझ्या मांडीवर दुसरं पुस्तक उघडं होतं. मी म्हणाले, "वाचलं बाबा. काही विशेष नाही त्यात."

त्यांनी त्यानंतर आणखी एकदा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले.

आईला मी स्वयंपाकघरात जाऊन कलम वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "सांगून सांगून दमले मी त्यांना," ती म्हणाली, "सगळ्याला कसलं प्लास्टिक लावायचं. आता बघ." ती बाबांवर वैतागली होती, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज जुन्यासारखा आला होता. मी तिथे बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "प्रवेशपत्राचं होईल काहीतरी. ते पुन्हा छापून मिळतं."

मिळत होतं, पण त्यासाठी परीक्षा मंडळाच्या साइटवर जायचं आणि फॉर्मवर दिलेल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड टाकायचा. फॉर्मवर नंबर बाबांचा होता. मी तसं म्हणाले तर आई हात धुऊन आत गेली आणि त्यांचा फोन घेऊन आली. पूर्ण चार्ज केलेला. मला वाटत होतं तो कपाटात बंद पडलेला असेल.

"रोज लावते चार्जिंगला," ती म्हणाली. "एवढं काय बघतेस? लोक झाडाला पाणी घालतात, मी ह्याला घालते."

मी बटण दाबलं. थोड्या वेळाने बाबांच्या फोनवर त्यांचा तो जुना, ठणठणीत टोन वाजला आणि आम्ही दोघी जराशा दचकलो. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आकडे वाचून दाखवले, एकेक, मध्ये थांबत थांबत, पलीकडून कुणी सांगतंय आणि ती मला पोचवते आहे अशा पद्धतीने. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढल्या. तो म्हणाला, "लॅमिनेट करून देऊ?" मी नको म्हणाले.

ओळखपत्राचं मात्र तसं नव्हतं. पासपोर्ट मी कधी काढला नाही, कारण कुठे जायचं नव्हतं. गाडी मला येत नाही, म्हणून लायसन्स नाही. मी मीच आहे हे सांगणारं ते एकच कार्ड. ते देणारी कचेरी शनिवारी एकपर्यंत उघडी असते. मी साडेदहाला पोचले. टोकन मिळालं चौसष्ट, आणि भिंतीवर एकोणतीस चालू होता. लोखंडी बाकावर माझ्या शेजारी एक बाई कडेवरच्या बाळाचं कार्ड काढायला आली होती. बाळाचा फोटो दोनदा नामंजूर झाला होता, कारण ते डोळे मिटत होतं. "आता ह्याला मी काय टाचणी लावू का?" ती मला म्हणाली.

बारा चाळीसला माझा नंबर आला. खिडकीतला कारकून वयस्क होता, शेजारी ओल्या स्पंजची वाटी, बोटं ओली करून कागद उलटायला. मी सगळं सांगितलं. त्याने कार्ड घेतलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं.

"चांगलं केलंय हो लॅमिनेशन," तो म्हणाला. "एक बुडबुडा नाही."

नवीन कार्डाला पंधरा कामाचे दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, कार्ड खरं आहे एवढं एक पत्र मिळेल का. पत्र साहेब देतात. साहेब कधी येतात? सोमवारी. परीक्षा उद्या आहे, मी म्हणाले. त्यावर त्याने माझ्याकडे जरा बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. पंधरा दिवस आणि सोमवार या दोनच गोष्टी त्याच्या हातात होत्या आणि त्या त्याने मला देऊन टाकल्या होत्या. "आधी वाचायचं असतं ना ताई," तो म्हणाला आणि चष्मा काढून डोळे चोळले. चष्म्याची नाकावरची पकड सैल झाली होती. मी ते पाहिलं आणि तिथून निघाले.

दुकानात काचकाका होते. ते माझे सख्खे काका नव्हेत. भिंगं घासायला बाबांकडे आले तेव्हा मी शाळेत जात होते आणि त्यांच्या शर्टाच्या बाह्यांवर कायम काचेची पांढरी भुकटी असायची, म्हणून मी ठेवलेलं ते नाव. पुढे भिंगं काचेची राहिली नाहीत, नाव राहिलं. मोठ्या दुकानांत आता भिंगांची कड मशीनच घासून देतं. काचकाका अजून चाकावर हाताने घासतात आणि चार वेळा फ्रेमला लावून बघतात. आमचं दुकान बंद झालं तर साठीला आलेल्या, हाताने घासणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

मी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि कलम वाचून दाखवलं. त्यांनी कार्डाच्या कडेवरून नख फिरवलं, जसं भिंगाच्या कडेवरून फिरवतात.

"मालकांना मी म्हणायचो, सगळंच कशाला झाकायचं," ते म्हणाले. "पण ऐकतील तर शपथ. माझ्या पगाराच्या पावत्यासुद्धा लॅमिनेट करून दिल्यात त्यांनी. पुरात वाहून गेलो तरी पावत्या कोरड्या राहतील."

मी हसले. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं.

त्यांनी विचार करून एक गोष्ट सुचवली. दुकानात फ्रेम मऊ करायचा हीटर असतो, गरम हवेचा. काडी वाकवायची तर आधी ती त्याच्यावर धरतात. गरम हवेने प्लास्टिकच्या आतला गोंद सैल होईल, मग पातळ पात्याने कडेकडेने उचलता येईल. पण एकदम खऱ्या कार्डावर हात घालायचा नाही. आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायचं, त्याच जातीच्या कार्डावर, त्याच प्लास्टिकवर.

तसं कार्ड एकच होतं. बाबांचं. चष्मेवाल्यांच्या संघटनेचं सभासद कार्ड, जाड कागदाचं, फोटो लावलेलं, मुदत केव्हाच संपलेलं. ते गल्ल्याच्या खणात होतं. काचकाकांनी ते काढून माझ्यासमोर धरलं. विचारलं काहीच नाही. मी म्हणाले, "करा."

शनिवारची दुपार होती, रस्त्यावर फारशी ये-जा नव्हती. काचकाकांनी शटर अर्धं ओढलं, हात रुमालाला पुसले आणि कार्ड हीटरवर धरलं. प्लास्टिक आधी धुरकट झालं, मग पुन्हा स्वच्छ झालं. त्यांनी कोपऱ्यात पातं सरकवलं. चांगलं निघत होतं. पहिली बोटभर पट्टी निघाली. मग फोटो आला. ते एक एक केसभर पुढे जात होते, भिंगाला चरा पडू नये म्हणून जसे जातात तसे, आणि तरी फोटोवरचा रंग प्लास्टिकबरोबर उठायला लागला. आधी कपाळ, मग डोळे. त्यांनी हात थांबवला, पण अर्ध्यावर थांबून उपयोग नव्हता. त्यांनी उरलेलं ओढून काढलं.

कागदावर पांढरा डाग उरला आणि एका कडेला बाबांच्या चष्म्याची एक काडी. बाकीचे बाबा प्लास्टिकवर आले होते, उलटे, पातळ, आरपार दिसणारे. काचकाकांनी ते सवयीने उजेडाकडे धरलं, चरा आहे का ते बघायला धरतात तसं, आणि लगेच खाली घेतलं.

"तुझ्याचंही असंच होईल," ते म्हणाले. "नको."

त्यांनी कागद आणि प्लास्टिक दोन्ही एका चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. डबीचा तो टक् असा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

निघताना ते म्हणाले, "जा तू उद्या. तिथेही माणसंच असतील. नाहीतर मला पाठव. वीस वर्षं तुझ्या बाबांना समजावतोय, 'नाही' ऐकायची मला सवय आहे."

रविवारी मी बाबांच्या वेळापत्रकाप्रमाणे निघाले.

ते वेळापत्रक त्यांनी बसल्या जागी केलेलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी ते मला घेऊन परीक्षा केंद्रापर्यंत जाऊन आले होते. रविवारीच, कारण बस रविवारच्या वेळेने धावतात. हातात जुनं घड्याळ, खिशात वही. तेव्हा त्यांना थांब्यापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागलं, आणि घरी येऊन त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'थांब्यापर्यंत माझी १४ मिनिटं. तुझी ८ धर.' मला ती तालीम तेव्हा थोडी विनोदी वाटली होती. केंद्राच्या बंद गेटसमोर उभं राहून ते पहारेकऱ्याला विचारत होते की परीक्षेच्या दिवशी रांग कोणत्या बाजूने लागते, आणि मी जरा लांब उभी राहून पुस्तक वाचत होते.

७.१० घर. ७.१८ थांबा. ७.२१ बस, मागच्या दाराने चढ, पुढे गर्दी असते. ७.५४ उतर. पुलावरून जाऊ नको, खालून जा, चार मिनिटं वाचतात. ८.०५ गेट. स्वच्छतागृह तळमजल्यावर डाव्या हाताला, रांगेत लागायच्या आधी जाऊन ये. ८.४५ ला गेट बंद, एक मिनिटही पुढे नाही.

सगळं तसंच झालं. बस ७.२१ ला आली. मागच्या दारापाशी जागा होती. पुलाखालच्या वाटेवर पाणी नव्हतं. मी ८.०४ ला गेटशी होते. माझ्या मागे धावत येणारी माणसं होती, पेन विसरलेली, फोन कुठे ठेवायचा विचारत फिरणारी. एकाला मी माझं दुसरं निळं पेन दिलं. तयारी कशी असावी याचा नमुना म्हणून मला तिथे उभं करता आलं असतं.

तपासणीच्या टेबलावरच्या मुलाने प्रवेशपत्र बघितलं, सही घेतली, चेहरा बघितला. मग ओळखपत्रावर अंगठा ठेवला आणि अंगठा जागच्या जागी दोनदा फिरवला. "मॅडम, जरा बाजूला थांबता?" तो म्हणाला.

बाजूला एक वेगळं टेबल होतं. तिथे केंद्राच्या मुख्य अधिकारी बसल्या होत्या, पन्नाशीच्या बाई. त्यांचा चष्मा डावीकडे कलला होता. एक काडी पसरली होती, त्यामुळे भिंगाचा मध्य डोळ्यासमोर येत नव्हता आणि वाचताना त्यांना मान वाकडी करावी लागत होती. दोन मिनिटांचं काम होतं. मला ते येतं. मी हात पुढे घेऊन उभी होते आणि त्या मान वाकडी करून माझं कार्ड बघत होत्या.

"शिक्का हाताला लागला पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, दिसतोय तो.

"दिसतो सगळ्यांचाच. मागच्या खेपेला तिघं दुसऱ्याच्या नावावर बसले होते, त्यांचाही दिसत होता. म्हणून तर हात लावून बघायचं."

मी सांगितलं की प्लास्टिक काढायचा प्रयत्न केला, निघत नाही, फोटो जातो. सांगितलं की कचेरीत गेले होते. प्रवेशपत्र नवीन छापून आणलं तेही सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणारी माणसं जास्त अवघड असतात, हे मला तेव्हा कळलं.

"केलं कुणी हे?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी."

"मग त्यांना तरी विचारायचं होतं, सूचना वाचल्या का म्हणून."

"ते आता नाहीत," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण ते ज्या जागी मी म्हणाले त्या जागी ते खरं नव्हतं, आणि मला ते म्हणतानाच माहीत होतं. त्या बाईंनी कार्ड खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नको होतं, आणि तरी मी वाट बघत होते की त्याचा काही उपयोग होतोय का. त्यांनी घड्याळात बघितलं. फोन उचलून कुणाला तरी लावला. पलीकडे कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"अर्ज लिहा. मी शेरा मारून वर पाठवते. पुढच्या परीक्षेला फी माफ होईल कदाचित. आज मला आत सोडता येत नाही. माझ्याही हातात नाही ते."

मी निळ्या पेनाने अर्ज लिहिला. 'कारण' या शब्दापुढे टिंब देऊन बराच वेळ थांबले. मग लिहिलं, ओळखपत्र अनवधानाने लॅमिनेट झाले. कुणाकडून ते लिहिलं नाही. त्यांनी मान वाकडी करून तो वाचला आणि सही केली. ८.४५ ला पहारेकऱ्याने गेट लावलं. मी तेव्हा बाहेरच्या बाजूला होते.

वेळापत्रक तिथे संपत नव्हतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. '१२.१५ पेपर सुटेल. मी गेटच्या उजव्या बाजूला, सायकली लावतात तिथे.' आणि शेवटची ओळ परतीच्या बसची.

आईला मी लगेच फोन केला नाही. ठरल्या वेळेआधी फोन गेला असता तर उचलायच्या आधीच तिला कळलं असतं. दुकानात जाता येत नव्हतं. काचकाका रविवारी सुट्टी असूनही आले असणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी उजव्या बाजूला, सायकली लावतात तिथे, कट्ट्यावर बसले. तिथे परीक्षार्थींबरोबर आलेली आणखी पाचसहा माणसं होती. शेजारच्या एका गृहस्थांनी मला वर्तमानपत्राची आतली पानं दिली. सुनेला घेऊन आले होते, तिची तिसरी खेप. "आमच्या घरात आता हा सणच झालाय म्हणा ना," ते म्हणाले. "वर्षातून दोनदा येतो." मग त्यांनी विचारलं, तुमचं कोण आहे आत? मी म्हणाले, कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या प्रवेशपत्राकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. थोड्या वेळाने वर्तमानपत्राची बाहेरची पानंही दिली.

साडेतीन तास मी ती पानं हातात धरून होते. एक ओळ वाचली नाही.

सव्वाबाराला लोक बाहेर यायला लागले. माझा फोन वाजला. आई.

"कसा गेला?"

"बसू दिलं नाही, आई."

मागे कुकरची शिट्टी झाली, तिने तो बंद केलेला ऐकू आला. मग ती म्हणाली, "त्यांच्या त्या मशीनने शेवटी—"

"आई, थांब," मी म्हणाले. "बाबांनी मला विचारलं होतं. कागदांना काही करायचं नाही असं लिहिलंय का, म्हणून. दोनदा विचारलं. मी न वाचता नाही म्हणाले. मी ते पत्रक कालपर्यंत उघडलंच नव्हतं."

सूनबाई बाहेर आल्या होत्या आणि ते गृहस्थ त्यांच्या हातातली पिशवी घेत होते. त्या काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काचकाकांना सांगितलंस हे?" आईने विचारलं.

"नाही."

"मग नको सांगूस."

"आई—"

"ऐक. अठरा दिवस राहिलेत. मग तो माणूस या वयात काम शोधत दारोदार फिरणार. तुझ्यावर राग घेऊन कशाला फिरेल? तुझ्या बाबांवर तो कधी रागावला नाही, आताही नाही रागावणार. राहू दे ते तसंच."

मी म्हणाले, "आणि तू?"

ती फोनवर आहे का हे मी बघितलं. होती.

"परतीची बस कितीची लिहिलीय त्यांनी?" तिने विचारलं.

मी वेळापत्रक वळवून बघितलं. उन्हाने प्लास्टिकवर चकाकी येत होती, ते तिरकं धरावं लागलं. "बारा बत्तीस."

"मग नीघ," ती म्हणाली.

बस बारा बत्तीसला आली.